कैलास-मानस यात्रेची पूर्वतयारी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान, वक्त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे.)



मंडळाच्या चिटणीसांनी मला 'कैलास-यात्रेचे अनुभव' या विषयावर बोलावयास सांगितले होते. अनुभव सांगणे सोपे असते आणि ऐकणाऱ्यास ते गोडही वाटते. परंतु गेल्या दोन महिन्यांत मोहाडी, आंधळगाव, पवनी, तुमसर या भागांतील सात-आठ ज्ञातिबंधू मजकडे येऊन "गुरुजी, आम्हांसही जावयाचे आहे, काय करावे?" असे विचारून गेले. त्यांत बासष्ट वर्षांचे एक गृहस्थ होते, एक विधवा भगिनी होत्या, आणि एक तर असे होते की त्यांनी प्रवासी कंपनीकडे आगाऊ पैसे भरून टाकले होते व नंतर विचारावयास आले होते. म्हणून विषयात थोडा पालट करून, यात्रा कशी झाली यापेक्षा यात्रेस निघण्यापूर्वी काय करावे लागते, यावरच बोलण्याचे मी ठरविले आहे. अध्यक्षांची त्यास अनुज्ञा आहे असे धरून चालतो.

मी वैद्य नव्हे, गिर्यारोहकही नव्हे. मॅट्रिक होऊन प्राथमिक शाळेत मुलांना भूगोल व गणित शिकविण्यात माझे आयुष्य गेले. २०१८ साली निवृत्त झालो आणि २०१९ साली, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर असताना, लिपुलेख खिंडीच्या मार्गाने ही यात्रा केली. जे पाहिले आणि त्यानंतर जे वाचून व जाणत्यांना विचारून समजून घेतले, तेवढेच यथामति सांगतो.

प्रथम यात्रेचे स्वरूप. १९६२ च्या युद्धानंतर बंद पडलेली ही यात्रा भारत व चीन या दोन सरकारांच्या संमतीने १९८१ साली पुन्हा सुरू झाली. आपल्याकडून तिची योजना परराष्ट्र मंत्रालय करते. लिपुलेखच्या वाटेवरील मुक्काम व भोजन कुमाऊं मंडल विकास निगमाकडे, आणि संरक्षण व वैद्यकीय देखरेख भारत-तिबेट सीमा पोलीस दलाकडे असते. २०१५ साली सिक्कीममधील नाथु-ला हा दुसरा मार्ग उघडला. २०१७ साली डोकलामच्या तंट्यामुळे त्या मार्गाची यात्रा मध्येच थांबली. पुढे २०२० पासून पाच वर्षे, आधी महामारीमुळे व मग सीमेवरील परिस्थितीमुळे, सरकारी यात्रा निघालीच नाही. २०२५ च्या जूनमध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी लिपुलेखकडून पन्नासांच्या पाच आणि नाथु-लाकडून पन्नासांच्या दहा तुकड्या, मिळून साडेसातशे यात्रेकरूंची योजना होती, आणि अर्ज आले होते साडेपाच हजारांवर. लिपुलेखच्या मार्गाला सुमारे बावीस दिवस व माणशी सुमारे १ लाख ७४ हजार रुपये, आणि नाथु-लाच्या मार्गाला सुमारे २ लाख ८३ हजार रुपये, असा अदमास सरकारने दिला होता. कपडेलत्ते व किरकोळ खर्च त्याहून निराळा.

आता एका गोष्टीकडे लक्ष द्या. त्या वर्षी अर्ज १३ मेपर्यंत घेतले, २१ मे रोजी संगणकाने सोडत काढली, आणि जूनच्या मध्यास पहिली तुकडी वाटेस लागली. म्हणजे पहिल्या तुकडीत असणारास नाव निघाल्यापासून निघावयाच्या दिवसापर्यंत पुरा महिनादेखील मिळत नाही. त्यातही आपल्या भंडारा जिल्ह्यात तो काळ नवतपाचा. सकाळी आठनंतर घराबाहेर पाऊल टाकवत नाही, मग चालण्याचा सराव कोठून होणार? तेव्हा "नाव लागू द्या, मग पाहू" असे जे म्हणतात त्यांना नम्रपणे सुचविणे आहे की तयारी अर्जापूर्वी, निदान दिवाळीपासून, सुरू झाली पाहिजे. नाव न निघाल्यास काही वाया जात नाही. चालण्याने अंगात आलेले बळ पुढील खरिपाच्या कामाला उपयोगी पडेल.

तयारी कशाची करावयाची? पुष्कळांस वाटते, थंडीची. थंडी आहेच, परंतु ती पैशाने आवरता येते. मुख्य प्रश्न हवेचा आहे. आपला जिल्हा समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी चढलेली सर्वांत उंच जागा म्हणजे पचमढीचा चौरागड, म्हणजे सुमारे तेराशे मीटर. लिपुलेख खिंड पाच हजार मीटरहून उंच आहे, मानससरोवराचे पाणी ४,५९० मीटरवर आहे, आणि परिक्रमेतील डोल्मा खिंड ५,६३० मीटरच्या आसपास. तेथे एका श्वासात समुद्रसपाटीच्या मानाने निम्म्याच्या आसपासच प्राणवायू मिळतो. सरोवराकाठी पाणी सुमारे ८५ अंशांवरच उकळू लागते, म्हणून आपला तांदूळ साध्या पातेल्यात शिजता शिजत नाही. ज्या हवेत भातदेखील शिजावयास कुरकुरतो, तेथे आपले साठीचे फुप्फुस काय करील, याचा विचार आधी व्हावयास हवा.

शरीर या हवेशी जुळवून घेते, मात्र त्यास दिवस द्यावे लागतात. जाणत्यांचा नियम असा की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. आम्ही २०१९ साली गेलो तेव्हा गुंजीपर्यंतची बरीच वाट पायी होती. पाय दुखत, पण रक्त आपोआप तयार होत गेले. २०२० साली लिपुलेखकडे जाणारा मोटाररस्ता खुला झाला आणि २०२५ च्या यात्रेकरूंना टनकपूर, धारचूला, गुंजी, नाभीढांग असे बहुतेक वाहनानेच नेण्यात आले. ही सोय झाली खरी, पण गाडीने चढणे पायांना सोपे व रक्ताला अवघड असते. म्हणून गुंजी व नाभीढांग येथे यात्रेकरूंना मुद्दाम थांबवून ठेवतात. हे मुक्काम म्हणजे रिकामा वेळ, असे समजून जे तेथे चिडचिड करतात त्यांना या यात्रेचे मर्म कळलेले नाही असे मी म्हणेन.

उंचीचा त्रास कसा ओळखावा? डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना जाणे, झोप न येणे ही पहिली चिन्हे. एवढे झाले तर वर चढणे थांबवावे आणि विश्रांती घ्यावी. स्वस्थ बसले असताही धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, किंवा चालताना दारू प्यालेल्या माणसासारखे झोकांडे जाणे, बोलण्यात घोटाळा होणे, ही चिन्हे दिसली तर मात्र क्षणाचाही विलंब न करता खाली उतरावयास हवे. प्राणवायूची नळी व गोळ्या तोवर आधार देतात, पण उतरणे हेच खरे औषध. आणि तरुण, पहिलवान, रोज पाच मैल धावणारा माणूस यातून सुटतो असे नाही. उलट तोच घाईने चढतो आणि आधी आडवा होतो. काही डॉक्टर उंचीच्या त्रासासाठी आधीपासून गोळी देतात. ती आपल्या डॉक्टरांस विचारूनच घ्यावी, शेजाऱ्याने घेतली म्हणून घेऊ नये.

या यात्रेची वैद्यकीय तपासणी कडक असते. वय १८ ते ७० यांच्या दरम्यान हवे, आणि उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक काढतात तो पंचवीसच्या आत हवा. दिल्लीच्या हार्ट अँड लंग इन्स्टिट्यूटमध्ये रक्त, छाती, हृदय सर्व पाहतात; सीमा पोलीस दलाचे डॉक्टर ते निष्कर्ष तपासतात; आणि गुंजीस पोहोचल्यावर, उंचीने शरीरावर काय परिणाम केला हे पाहण्यासाठी, पुन्हा तपासतात. दोहोंपैकी कोठेही नापास झाला तो परत फिरला. भरलेले पैसे बहुतांशी बुडतात.

आणि येथेच माणसे लबाडी करतात. आमच्या तुकडीत एक गृहस्थ होते, आपल्या प्रांतातले नव्हेत. रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे त्यांनी फॉर्मात लिहिले नव्हते, आणि तपासणीच्या सकाळी ती दुप्पट घेऊन ते दिल्लीत पास झाले. गुंजीस त्यांचा रक्तदाब इतका चढला की डॉक्टरांनी त्यांना परत पाठविले. तंबूबाहेर दगडावर बसून ते लहान मुलासारखे रडले, आणि आम्ही सर्वांनी डॉक्टरांस दोष दिला. पुढे डोल्माच्या चढावर, दहा पावले टाकून उभे राहावे लागत होते तेव्हा, मला त्या डॉक्टरांची आठवण झाली. ते गृहस्थ धडधाकट घरी पोहोचले आहेत. तेथून पुढे आले असते तर पोहोचले असते की नाही, देव जाणे.

आता जे बोलणार आहे ते काहींस कटु वाटेल. आपल्या विदर्भात सिकलसेल नावाचा रक्तदोष अनेक ज्ञातींत व आदिवासी बंधूंत आढळतो. तो कोणा एका ज्ञातीचा नव्हे, आणि कोणाच्या आचरणाचे ते फळही नव्हे. यात रक्तातील तांबड्या पेशी, प्राणवायू कमी पडला की, आपला गोल आकार टाकून विळ्यासारख्या वाकतात व बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. ज्यांस आई व बाप दोघांकडून हा दोष आला ते रुग्ण. त्यांनी या यात्रेचा विचारच करू नये. ज्यांस एकाकडूनच आला ते वाहक. वाहक माणूस येथे, वैनगंगेच्या काठी, जन्मभर निरोगी राहतो, त्यास औषध लागत नाही, आणि आपण वाहक आहोत हे पुष्कळांस ठाऊकही नसते. पण उंचावरच्या विरळ हवेत काही वाहकांच्या प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून डाव्या बरगडीखाली असह्य वेदना सुरू होतात. सर्वांनाच होते असे नाही. पुष्कळ वाहक उंचावर जाऊन सुखरूप आलेही असतील. परंतु तिबेटात, जवळच्या मोठ्या रुग्णालयापासून कितीतरी दिवसांच्या अंतरावर, हा जुगार खेळावा काय?

दिल्लीच्या तपासणीत काय पाहतील ते पाहोत. आपल्याकडची ही एक तपासणी आपण घरूनच करून निघावे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली चाचणी होते, आणि तीत दोष दिसला तर रुग्ण की वाहक हे दुसऱ्या चाचणीने कळते. सरकारी दवाखान्यांत ही सोय आहे. २०२३ सालापासून केंद्र सरकारची मोहीमही त्यासाठी चालू झाली. पैशाचा प्रश्न नाही, अंतराचाही नाही. मग लोक का जात नाहीत? कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. "गुरुजी, माझे नाव निघाले तर पोरीचे लग्न कसे जमेल?" असे मला एका मातेने विचारले. आपल्या या स्मरणिकेच्या मागील पानांवर वधूवरांची सूची छापली जाते. तीत उंची असते, शिक्षण असते, वर्ण असतो, शेती किती एकर हेदेखील असते. रक्ताचा उल्लेख कोठेच नसतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्य रुग्ण निघण्याचा संभव चारात एक असतो, हे गणित मी पाचवीच्या मुलास समजावू शकतो, पण सोयरीक जुळविणाऱ्यांस समजावू शकत नाही.

माझी धाकटी बहीण वाहक आहे. हे मी तिच्या संमतीने, नव्हे तिच्याच आग्रहाने, या व्यासपीठावरून सांगत आहे. कैलासास जाण्याची इच्छा मूळ तिची होती, माझी नव्हे. लहानपणी आजीने सांगितलेल्या कथा तिच्या मनात घर करून होत्या. २०१९ साली आम्ही दोघांनी मिळून फॉर्म आणले, आणि तेव्हा तिची रक्ततपासणी झाली. आम्ही दोन डॉक्टरांचा सल्ला घेतला, आणि दोघांनीही जाऊ नये असे सांगितले. फॉर्मात काही न लिहिता ती सहज येऊ शकली असती. एका नातलगाने तसे सुचविलेही. ती म्हणाली, "दादा, खोटे लिहून देवाकडे कशाला जावयाचे?" मी एकटा गेलो. सरोवराचे पाणी तिच्यासाठी आणले, ते तिच्या देव्हाऱ्यात आहे. तिच्या दोन्ही मुलांची तपासणी तिने लग्नापूर्वी करून घेतली व होणाऱ्या सोयऱ्यांस कागद दाखविले. एक स्थळ मोडले, दुसरे जमले. नातवंडे निरोगी आहेत.

असो. आता कागदपत्रांविषयी. पारपत्राची मुदत पुढे निदान सहा महिने शिल्लक हवी, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु त्याबरोबर आणखी एक कागद द्यावा लागतो, त्याविषयी कोणी बोलत नाही. चीनच्या हद्दीत मृत्यू आल्यास अंत्यसंस्कार तेथेच करण्यास माझी संमती आहे, असे त्यात लिहिलेले असते. घाईघाईत इतर कागदांबरोबर त्यावर सही करू नये. मी तो सौभाग्यवतीस व मुलास वाचून दाखविला. ती पुष्कळ वेळ बोलली नाही, मग म्हणाली की सही माझ्यासमोर करा. १९९८ च्या ऑगस्टमध्ये मालपा येथे रात्री कडा कोसळून दोनशेहून अधिक माणसे गेली; त्यांत साठ यात्रेकरू होते, आणि सुप्रसिद्ध नर्तिका प्रोतिमा बेदी त्यांपैकी एक. यात्रेस जाणाराने हे घरी सांगितलेच पाहिजे. देणीघेणी, बँकेची पुस्तके, शेताचे सातबारे कोठे आहेत, हेही निघण्यापूर्वी एका वहीत लिहून ठेवावे.

चालण्याच्या सरावाविषयी बोलताना मला एका शिक्षकाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कुमाऊंतील मिलम गावचे नैनसिंग रावत हे शाळामास्तर. त्या काळी तिबेटात परकीयांस मज्जाव होता, म्हणून सर्वेक्षण खात्याने त्यांस यात्रेकरूच्या वेषात पाठविण्याचे ठरविले. त्यापूर्वी डेहराडूनला त्यांना सुमारे दोन वर्षे शिकविले, आणि त्या शिक्षणातील मोठा भाग हा की चढ असो, उतार असो, पाऊल नेहमी सारखेच पडले पाहिजे. त्यांच्या जपमाळेत १०८ च्या ऐवजी १०० मणी होते. दर शंभर पावलांस एक मणी ओढावयाचा, म्हणजे एक माळ झाली की दहा हजार पावले. असे मोजीत ते १८६६ च्या जानेवारीत ल्हासास पोहोचले व परत येताना मानससरोवराच्या बाजूने आले. या माणसाने नकाशासाठी आपली वाट पायांनी मोजली. आपणास नकाशा काढावयाचा नाही, परंतु सारख्या पावलाने चालणे आपणही शिकावयास हवे.

आपल्याकडे त्यासाठी साधने पुष्कळ. हा तलावांचा जिल्हा. गावोगावी मालगुजारी तलावांच्या पाळी आहेत. पहाटे पाळीवरून चालण्यास आरंभ करावा. पहिल्या महिन्यात तीन-चार किलोमीटर, मग हळूहळू वाढवीत दहा-बारा. तिसऱ्या महिन्यापासून पाठीवरच्या पिशवीत पाच किलो तांदूळ घालावेत. आठवड्यातून एकदा चढ हवा: तुमसरकडील मंडळींनी आंबागडावर किंवा चांदपूरच्या टेकडीवर जावे. महाशिवरात्रीस आपले पुष्कळ लोक पचमढीस जातातच; त्या वर्षी चौरागडाच्या पायऱ्या लागोपाठ दोन दिवस चढून पाहाव्या. वेग किती असावा? चालता चालता बरोबरच्याशी एक पुरे वाक्य न थांबता बोलता आले पाहिजे, इतका. बोलताना वाक्य तुटू लागले की पाऊल आवरावे. गुडघ्यांची खरी परीक्षा चढापेक्षा उतारावर होते, म्हणून काठी वापरण्याची सवय येथूनच करावी, लाजू नये. बूट निघण्याच्या आदल्या दिवशी घेऊ नयेत. घोटा झाकणारे बूट दोन महिने आधी घेऊन याच पाळीवर वापरून मऊ करावे. नव्या बुटाच्या फोडाने जितके यात्रेकरू हैराण होतात तितके बर्फाने होत नाहीत.

कपड्यांविषयी मी सांगावे आणि कोष्टी ज्ञातीने ऐकावे, हे थोडे विपरीतच. आपण पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेले लोक. सूत काय करते हे आपणास बोटांनी कळते. तरी यात्रेस निघताना आपलीच माणसे चार सुती बनियन आत घालतात. सुताचा गुण असा की ते घाम पिते आणि धरून ठेवते. आपल्या उन्हाळ्यात तो गुण, तेथे तोच अवगुण, कारण ओला सुती कपडा अंगाची ऊब ओढून घेतो. चढावर घाम येतो, खिंडीत वारा लागतो, आणि माणूस काकडून जातो. अंगालगत घाम बाहेर टाकणारा पातळ कपडा, त्यावर लोकर, आणि सर्वांवर वारा व पाणी अडविणारे जाकीट, असे तीन थर असावेत, म्हणजे उन्हात एक काढता येतो व वाऱ्यात चढविता येतो. मी अंगालगत आंधळगावच्या कोशाचा जुना सदरा घातला होता. रेशीम हलके असते, लवकर वाळते व ऊब देते. तुकडीतील मंडळींनी त्याची प्रथम थट्टा केली, मागाहून पत्ता विचारून घेतला. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब राखते, म्हणून मोजे लोकरीचेच हवेत. तिबेटात उतरल्यावर पहिले मोठे गाव तकलाकोट. व्यास खोऱ्यातील भोटिया व्यापारी पूर्वी धान्य नेऊन तेथून लोकर व मीठ आणीत. तेथील लोकरीचा पोत पाहूनच आपल्या माणसाच्या तोंडास पाणी सुटावे. कानटोपी, हातमोजे, व काळा चष्मा विसरू नये. बर्फावरून परावर्तित झालेल्या उन्हाने डोळे दिवसभरात सुजतात.

सामान वीस किलोच्या आत बसले पाहिजे, आणि आतील प्रत्येक वस्तू प्लॅस्टिकच्या पिशवीत. रोजची औषधे दोन ठिकाणी विभागून ठेवावी, कारण एखादी पिशवी दरीत जाऊ शकते. मधुमेही बंधूंनी इन्सुलिन गोठू देऊ नये. ते कपड्यांच्या आत, अंगाजवळ बाळगावे. खाण्याचे फार ओझे नको. गूळ-शेंगदाणे, चिवडा, थोडे सातूचे पीठ पुरे. तिबेटी माणूस भाजलेल्या जवाचे पीठ चहात कालवून खातो, ते आपल्या सातूचेच भावंड. भूक लागत नसली तरी खावे, आणि तहान नसली तरी पाणी प्यावे.

त्या मुलुखाविषयीही मनाची तयारी हवी. शाळेत 'गवताळ पठार' शिकविताना मुलांच्या डोळ्यांपुढे आपली कुरणे येत, आणि खरे सांगावयाचे तर माझ्याही येत. बरखाच्या मैदानात गवत आहे, पण बोटभर उंचीचे, विरळ, मधून खडी दिसणारे. कोसच्या कोस एक झाड नाही. आपण झाडीपट्टीतले लोक; सावली कोठे तरी असणारच असे धरून चालतो. तेथे सावली म्हणजे स्वतःची. हवा इतकी स्वच्छ की कैलास हाकेच्या अंतरावर वाटतो आणि चालता चालता जवळ येत नाही. दुपारनंतर धुळीचा वारा सुटतो, म्हणून निघणे पहाटेच. क्यांग नावाच्या रानगाढवांचा कळप एखादे वेळी दूरवर धावताना दिसतो, तेवढाच सजीव मुलूख. काहींना या रितेपणाचे भय वाटते, रात्री गुदमरल्यासारखे होते. तसे झाले तर सोबत्यास सांगावे. मनातच ठेवू नये.

आता वाटाड्या व तुकडी यांविषयी. आपल्या गायमुखाच्या महादेवास पोहे निघतात, त्यांतील म्होरक्याचा शब्द कोणी मोडीत नाही. येथे तो मान संपर्क अधिकाऱ्याचा, तिबेटात तेथील मार्गदर्शकाचा, आणि सर्वांत अधिक डॉक्टरांचा. आपली मंडळी पैसे भरले की मार्गदर्शकास नोकर समजू लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. एकाने सांगितले, "आज येथेच थांबा," की दुसरा म्हणतो, "मी पूर्ण रक्कम भरली आहे." डोंगर पावती पाहत नाही. तसेच सामान वाहणारा मजूर व घोडेवाला यांचे दर आधी ठरवून द्यावे, वाटेत घासाघीस करू नये, आणि त्यांच्या खाण्याची चौकशी करावी. परिक्रमा ५२ किलोमीटरची, तीन दिवसांची. दुसऱ्या दिवशी डोल्मा. ज्यास जमत नाही त्याने दार्चेनलाच थांबावे. तेथूनही कैलासाचे दर्शन होते. कोणी थांबले तर तुकडीने त्यास हिणवू नये, आणि "आता इतके आलास, चल" असा आग्रह तर मुळीच करू नये. तो आग्रह प्रेमाचा असतो, आणि त्यानेच माणसे संकटात पडतात.

ज्यांचे नाव सोडतीत निघत नाही ते नेपाळमार्गे खाजगी कंपनीबरोबर जातात. त्यास माझा विरोध नाही. पुष्कळ कंपन्या नीट नेतात. परंतु नेपाळगंज हे मैदानातले गाव, तेथून विमानाने सिमीकोट सुमारे २,९०० मीटर, आणि पुढे हेलिकॉप्टरने हिल्सा साडेतीन हजारांवर. मध्ये किती रात्री ठेवतात हे छापील पत्रकात पाहावे. "दहा दिवसांत कैलास" अशी जाहिरात दिसली की ती बाजूस ठेवावी. २०१८ च्या जुलैमध्ये हवा बिघडल्यामुळे सिमीकोट, हिल्सा या भागांत हजाराहून अधिक भारतीय यात्रेकरू अडकून पडले होते. २०२५ च्या जुलैमध्ये रसुवागढीचा सीमेवरचा पूल पुराने वाहून गेला. म्हणून परतीच्या तारखेस घरचे लग्न किंवा मुंज ठेवू नये. पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न लेखी विचारावे: बरोबर डॉक्टर आहे काय, प्राणवायूची सोय किती, आजाऱ्यास खाली कोणत्या वाहनाने नेणार, आणि आजारपणामुळे मागे फिरल्यास पैशाचे काय. जे व्यवस्थापक या प्रश्नांवर रागावतील त्यांच्याबरोबर जाऊ नये. ज्या बंधूंनी आधीच पैसे भरले आहेत त्यांनी अजूनही हे पत्र पाठवावे. वेळ गेलेली नाही.

चिटणीसांनी घड्याळाकडे पाहिले, तेव्हा आवरते घेतो. पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारपासून पहाटे पाच वाजता मी स्वतः तलावाच्या पाळीवर चालावयास जाणार आहे. जाऊ इच्छिणाऱ्यांनी, आणि ज्यांना कोठेच जावयाचे नाही त्यांनीही, यावे. भगिनींची निराळी तुकडी माझ्या बहिणीने चालविण्याचे कबूल केले आहे. सिकलसेल तपासणीसाठी एक दिवस ठरवून सर्वांनी मिळून दवाखान्यात जावे, म्हणजे कोणी एकटा कोणाच्या नजरेस पडणार नाही, अशीही तिची सूचना आहे. नावे देण्याची वही तिच्याजवळ, सभामंडपाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर आहे. पहिले नाव माझ्या मुलाचे लिहिलेले आहे, त्याखालच्या ओळी कोऱ्या आहेत.